स्थापना: सन टिंबटिंब

आमच्या क्लबात ज्याच्या हाती पाना देणं धोक्याचं, त्याच्या हाती लेखणी देतात. मी नट आवळायला घेतला की तो आधी घट्ट होतो, मग आणखी घट्ट होतो आणि मग अचानक फार सोपा जातो. या सोपेपणाला मेस्त्री लोक ‘आटे गेले’ म्हणतात. त्यामुळे रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि ‘क्लबाचा इतिहास कोण लिहिणार?’ असा प्रश्न आला, तेव्हा जितक्या माना माझ्याकडे वळल्या तितक्या माझ्या वर्गात उभ्या नोकरीत वळल्या नव्हत्या. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो, इतिहास नव्हे, हे मी सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, “सर, विषय कुठलाही असला तरी कागद तोच असतो.”

क्लब जुन्या स्कूटरींचा. गाव सातारा. क्लबाचं नाव मी लिहीत नाही, कारण नावावरून दोन गट आहेत आणि पाटी अजून रंगाऱ्याकडे अर्धवट पडून आहे. सभासदांत निवृत्त मंडळी जास्त, दोन औषधवाले, एक वकील आणि अलीकडे भरती झालेली काही तरुण मुलं, जी स्कूटर चालवण्यापेक्षा तिच्याशेजारी उभी राहण्यासाठी येतात. माझ्याकडे काकांची ‘प्रिया’ आहे. ती खुद्द साताऱ्यातच जन्मलेली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. गाडीच्या नावावरून करता येण्याजोगा विनोद पवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत प्रत्येक माणसाने माझ्यावर करून झालेला आहे. बायकोने तर दोनदा. तो इथे परत करत नाही.

इतिहास लिहायचा तर मुळापासून लिहावा, या विचाराने मी पॅरिसपासून सुरुवात केली. १८९५ साली तिथे ऑटोमोबाइल क्लब ऑफ फ्रान्स निघाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक काउंट दे दिओं. हा गृहस्थ मोटारी बनवायचा आणि राजकारणावरून भांडायचा. ड्रेफस प्रकरणात एका क्रीडा-दैनिकाच्या संपादकाशी त्याचं असं बिनसलं, की त्याने आणि त्याच्या मित्रांनी नवं वर्तमानपत्रच काढून टाकलं. ते पुरेसं खपेना, म्हणून खप वाढवायला त्या पत्राने १९०३ साली सायकलींची एक शर्यत सुरू केली. तीच टूर द फ्रान्स. मोटारवाल्यांच्या भांडणातून जगातली सगळ्यात मोठी सायकल-शर्यत निघाली, हे वाचून मला फार धीर आला. आमच्या क्लबातल्या भांडणांतून आजवर फक्त दुसरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला होता, पण अजून वेळ गेलेली नव्हती.

तिथून मी इंग्लंडात उतरलो. १९०५ साली तिथे ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली. तिच्या स्थापनेचं उघड कारण सभासदांची सेवा आणि खरं कारण वेग मोजायला झुडपात दबा धरून बसणारे पोलीस. असोसिएशनचे सायकलस्वार रस्त्यावर फिरायचे आणि सभासदाला ‘पुढे पोलीस आहेत’ असं सांगायचे. कोर्टाने हा पोलिसी कामात अडथळा ठरवला. तेव्हा त्यांनी डोकं लढवलं. सभासदाच्या गाडीवरचा बिल्ला पाहिला की स्वाराने सलाम ठोकायचा, आणि ठोकला नाही तर सभासदाने समजायचं की थांबून चौकशी करावी. सलाम न करणं हा काही गुन्हा नाही! पुणे-सातारा रस्त्यावर समोरून येणारा अनोळखी ट्रकवाला दिवा उघडझाप करून आपल्याला सावध करतो, ती या परंपरेची आपली शाखा, असं मी मोठ्या अभिमानाने लिहिलं. पुढे मुंबईची १९१९ ची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, मग १९४९ चा इटलीचा व्हेस्पा क्लब. व्हेस्पाशिवाय आमचं गोत्र पुरं होत नाही. १९४६ साली ती पहिल्यांदा घडवली कोर्रादिनो दास्कानिओ या विमानवाल्या इंजिनिअरने. त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. तेल उडतं, कपडे मळतात, चाक पंक्चर झालं तर काढता येत नाही. म्हणून त्याने इंजिन झाकलं, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि विजार स्वच्छ ठेवणारी गाडी केली. हीच गाडी आपल्याकडे बजाजने आधी आयात केली, मग परवान्यावर बनवली आणि आपण तिला तिरकी करायला शिकलो.

एवढं लिहून मी कार्यकारिणीपुढे वाचलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. अध्यक्षांनी विचारलं, “सर, हे पॅरिस कुठल्या तालुक्यात येतं?” खजिनदार म्हणाले, “आपलं नाव कितव्या पानावर आहे?” मी म्हटलं, अजून १९४९ चाललंय. “मग पंचवीस वर्षांत उरकणार नाही,” असं म्हणून त्यांनी क्लबाची दप्तराची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली.

त्या पिशवीत क्लबाचा सगळा कागदोपत्री भूतकाळ होता. सभेच्या इतिवृत्तांत प्रत्येक वेळी ‘सभा खेळीमेळीत पार पडली’ असं वाक्य होतं. ज्या सभेत एका सभासदाने दुसऱ्यावर हेल्मेट उगारलं होतं, तीही खेळीमेळीतच पार पडलेली होती. जमाखर्चाच्या वहीत चहा, भजी, हार, प्लग, आणि मध्येच ‘इतर’ या नावाखाली अशी एक रक्कम, की तिच्याबद्दल विचारताच खजिनदारांना अचानक घरी काम निघालं. स्थापनेबद्दल मात्र एक ओळही नव्हती. छापील लेटरहेडवर एक साल होतं, पण ते छापखानेवाल्याने आधीच्या कुठल्या गणेश मंडळाच्या मजकुरातून तसंच राहू दिलं असावं, असा माझा संशय आहे.

तेव्हा मी मौखिक इतिहासाकडे वळलो. संस्थापक म्हणवणारे तिघे हयात होते.

अध्यक्षांच्या मते, श्रावणातला पाऊस. यवतेश्वरच्या घाटात खजिनदारांची स्कूटर बंद पडलेली. गिअरची केबल तुटली होती. अध्यक्ष देवासारखे धावून आले, तारेने केबल बांधली, वर टपरीवर चहा घेतला आणि तिथेच म्हणाले, आपण एक क्लब काढू.

खजिनदारांच्या मते, घाट तोच, पण भर वैशाख. गाडी अध्यक्षांची. प्लग शॉर्ट झाला होता, आणि पॉलिश पेपरचा तुकडा खजिनदारांच्याच खिशात निघाला. चहा, टपरी, क्लब.

तिसरे संस्थापक टी-शर्टच्या रंगावरून राजीनामा देऊन शाहूपुरीत जाऊन राहिलेले. ते म्हणाले, या दोघांच्याही गाड्या बंद होत्या. कार्बोरेटरचं जेट चोंदलेलं. ब्रशच्या एका केसाने ते मोकळं केलं, ते त्यांनी. अध्यक्ष तर त्या दिवशी कऱ्हाडला मेव्हणीच्या लग्नात होते. मी विचारलं, मग अध्यक्षांची गाडी बंद पडली ती कशी? ते म्हणाले, “तीच तर त्यांची सवय.”

तिन्ही कहाण्यांत तीन गोष्टी मात्र पक्क्या होत्या. घाट यवतेश्वरचा. चहा वरच्या टपरीवरचा. आणि बंद पडलेली स्कूटर सांगणाऱ्याची नव्हे. शिवाय केबल, प्लग, जेट हे तिन्ही बिघाड तसे सन्माननीय. बिघाडांनाही प्रतिष्ठा असते, हे क्लबात आल्यावर कळतं. पिस्टन जॅम झाला तर माणूस आठवडाभर मान ताठ ठेवून फिरतो. क्लच प्लेट जळली तरी चार लोक विचारपूस करतात. केबल आणि प्लग हे आपलं मध्यमवर्गीय दुखणं. पंक्चर नशिबाचं. पेट्रोल संपणं मात्र बिघाडात बसतच नाही. तो स्वभावदोष.

आता उरला स्थळाचा अभ्यास. सप्टेंबरातल्या एका रविवारी मी प्रिया बाहेर काढली, मागे क्लबाचे मेस्त्री बसले आणि आम्ही निघालो. मेस्त्री म्हणजे आमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे आणि म्हणून आमच्या अब्रूचे धनी. त्यांच्या मते साताऱ्यात इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारी दोनच माणसं झाली, आणि दुसरा त्यांचा गुरू होता. स्थापनेची जागा पाहायला म्हणून आणखी चारपाच सभासद आपापल्या स्कूटरी घेऊन मागून आले. समर्थ मंदिराचा चौक सोडला, घाट लागला, उजवीकडे शहर खाली जाऊ लागलं. मी मागे वळून मेस्त्रींना टूर द फ्रान्सची गोष्ट सांगत होतो. ती सायकलींपर्यंत आली आणि प्रिया एक उसासा टाकून थांबली.

मेस्त्रींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. त्यांनी बाह्या वर केल्या. “सर, तुम्ही फक्त बाजूला व्हा.” हे वाक्य मला त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकावं लागतं.

आधी तिरकी. स्कूटर तिरकी केली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वर चढतं आणि थंड इंजिनाला दाट घास मिळतो, हे मेस्त्रींचं शास्त्र. तिरकी करून किक मारली. काही नाही. प्लग काढला, पुसला, बॉडीला टेकवून करंट पाहिला. करंट उत्तम. मग मागून आलेले सभासद पोहोचले आणि प्रत्येकाने आपापला आवडता रोग मांडला. वकीलसाहेब पॉइंटवर ठाम होते. एका औषधवाल्यांनी कॉइलचं निदान केलं आणि आपण ते आवाजावरून ओळखलं असं सांगितलं. आवाज येतच नव्हता, पण हे कोणी बोललं नाही. काउल निघालं, डिकीतली हत्यारं रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडली गेली, कार्बोरेटर उघडला गेला. तो सीझन कासच्या फुलांचा. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कासचं पठार आहे, आणि तेव्हापासून भर सीझनच्या रविवारी अर्धं पुणं या घाटात असतं. त्या अर्ध्या पुण्याने त्या दिवशी फुलांच्या आधी आमचे फोटो काढले. एका लहान मुलीने बापाला विचारलं, “हे लोक हे विकतात का?”

आमच्यातला एक तरुण सभासद इलेक्ट्रिक चेतक घेऊन आला होता. १९७२ साली निघालेली चेतक पेट्रोलवर खूप वर्षं धावली, २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणंच थांबवलं आणि २०२० मध्ये तेच नाव विजेच्या गाडीला देऊन परत आणलं. क्लबात तिला प्रवेश द्यावा की नाही, यावर चार सभा खेळीमेळीत पार पडलेल्या आहेत. तो बिचारा आवाज न करता शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, काही मदत?” मेस्त्रींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो आवाज न करताच पुढे गेला.

तेवढ्यात खालून दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल आली. दूधवाल्याने वेग कमी केला, गोणपाटावरच्या सामानाकडे पाहिलं, आमच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि गाडी बंद न करता विचारलं, “पेट्रोल हाय का?”

मेस्त्री हसले. वकीलसाहेब हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा, कारण मला आठवत होतं की पेट्रोलचा कॉक मी काही दिवसांपूर्वीच रिझर्व्हवर फिरवला होता. कॉक रिझर्व्हवर आहे म्हणजे टाकीत राखीव साठा आहे, असं मी धरून चाललो होतो. तो साठा आपण खर्च करत असतो, ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. मेस्त्रींनी हसत हसत सीट वर केली, टाकीचं झाकण उघडलं, दोन्ही हातांनी स्कूटर हलवली आणि कान लावला. आत काहीच वाजलं नाही. नंतर ते माझ्याशी बराच वेळ बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच, “सर, साताऱ्यात हे कुणाला सांगू नका.” आपल्या निदानाची अब्रू जाईल याची त्यांना जास्त काळजी होती.

पेट्रोल कोणी द्यावं, यावर बोलणी झाली. पण बाकीच्यांनीही आपापल्या गाड्या हलवून कान लावले आणि प्रत्येकाला परतीची चिंता वाटू लागली. शेवटी गाडी जोडून मी ती ढकलत वर नेली. ढकलताना कळतं की दास्कानिओने विजारीचा विचार केला, पण छातीचा केला नाही. इंजिन उजव्या बाजूला असल्यामुळे गाडी सतत उजवीकडे कलते, आणि आमच्या घाटात दरीही उजवीकडेच.

टपरीवाल्याने बाटली पुढे केली. घाटात अडणाऱ्यांसाठी एकदोन लिटर ठेवायची ही त्याच्या वडिलांपासूनची पद्धत. आता ऑइल. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलात मिसळून ऑइल द्यावं लागतं, नुसतं पेट्रोल चालत नाही. टपरीवाला म्हणाला, “भज्याचं हाय.” मी म्हटलं, यात हसण्यासारखं काही नाही, पूर्वी शर्यतीच्या इंजिनांना एरंडेल तेल घालत, कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय. मेस्त्री म्हणाले, “मग ते तुम्ही घ्या, आणि गाडीला टू-टी द्या.” त्यांनी डिकीतून आपली बाटली काढली.

पैसे द्यायला हात घातला तर पाकीट घरी. टपरीवाल्याने वही उघडली. “नाव?”

मी क्लबाचं नाव सांगितलं. दोन्ही गटांची नावं सांगितली.

“म्हंजे स्कूटरवाले? आवो, त्यांचं जुनं खातं हाय की आपल्याकडं.” तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून वडिलांच्या वेळची, कडा उंदराने खाल्लेली लाल कापडाची वही घेऊन आला. पहिल्या नोंदीवर त्याने बोट ठेवलं. ‘स्कूटरवाले. चहा, कांदाभजी, पेट्रोल १ लिटर.’ खाली सह्या. अध्यक्षांची, खजिनदारांची आणि शाहूपुरीच्या संस्थापकांची. तिघेही हजर. आणि तारीख लेटरहेडवरच्या सालाच्या कितीतरी आधीची.

केबल नाही, प्लग नाही, जेट नाही. पेट्रोल.

मी तिथेच बाकावर बसून ती वही वाचायला घेतली आणि माझ्या लक्षात आलं, की क्लबाचा खरा इतिहास माझ्या मांडीवर आहे. पावसाळ्यात भजी वाढत होती, परीक्षांच्या दिवसांत सहली थांबत होत्या. एका दिवाळीनंतर चहाचे कप एकदम निम्मे झाले. तो टी-शर्टचा राजीनामा. त्याच पानापासून दोन रकाने सुरू होत होते. ‘स्कूटरवाले १’ आणि ‘स्कूटरवाले २’. दोन्ही गट एकाच टपरीवर, वेगवेगळ्या रविवारी, उधारीवर. आमच्या फुटीची इतकी निष्पक्ष नोंद दुसरीकडे कुठेही नव्हती. फक्त ‘जमा’ या बाजूला मात्र पानंच्या पानं कोरी होती.

मी आनंदाने त्या पानांचे फोटो काढले आणि पुढच्या सभेत दाखवले. इतिहासकाराने शोध लावल्यावर काय होतं, याचा मला अनुभव नव्हता. सगळ्यांनी आधी सह्या पाहिल्या, मग बेरीज पाहिली. खजिनदार म्हणाले, भज्याचा हा दर त्या काळी नव्हताच. वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली. ही नोंद स्थापनेची धरली तर क्लब इतका जुना ठरतो की त्याचा रौप्यमहोत्सव केव्हाच होऊन गेला, आणि फ्लेक्स तर छापून आलेले. शिवाय उधारी क्लबाची ठरते. नोंद स्थापनेची धरली नाही तर त्या दिवशी क्लब नव्हता, म्हणजे उधारी सही करणाऱ्या तिघांची वैयक्तिक. अध्यक्षांना एकदम आठवलं की त्या दिवशी ते खरोखरच कऱ्हाडला मेव्हणीच्या लग्नात होते. शाहूपुरीचे संस्थापक आपलं संस्थापकत्व कागदावर सिद्ध झालं म्हणून पुन्हा सभासद व्हायला आले होते. त्यांनी बेरीज पाहिली आणि अर्ज परत मागितला. कोणाच्या टाकीत ते एक लिटर गेलं, हे मात्र तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

स्मरणिका निघाली. पॅरिस आणि लंडन गाळलं होतं, कारण त्या पानांवर पेढेवाल्यांच्या जाहिराती आल्या. माझा इतिहास दीड पानात मावला. त्याचं पहिलं वाक्य कार्यकारिणीने एकमताने असं मंजूर केलं: ‘आपल्या क्लबाची स्थापना सन ........ मध्ये झाली.’ टिंबं मुद्दाम ठेवली आहेत. ज्याने त्याने पेनाने भरून घ्यावीत, असा ठराव आहे. अध्यक्षांनी आपल्या प्रतीत एक साल घातलं आहे, खजिनदारांनी दुसरं, आणि इलेक्ट्रिक चेतकवाल्या पोराने आपण सभासद झालो ते साल.

एक प्रत मी टपरीवर नेऊन दिली होती. पुढच्याच आठवड्यात दूधवाल्याच्या हाती ती मला परत आली. टपरीवाल्याने टिंबांवर वहीतलं साल ठळक बॉलपेनने भरलं होतं आणि त्याच्याखालीच, समासात, बेरीज मांडली होती. त्या बेरजेत सप्टेंबरातलं लिटर धरलेलं नव्हतं. ते वेगळ्या कागदावर होतं, माझ्या नावाने, बाटलीच्या डिपॉझिटसकट.